तिला ऐकू न आलेला ओरखडा

त्र्याऐंशी सालच्या मार्चमधल्या त्या शनिवारी नेवा सुपेरिना बेस गिटार पाठीला लावून रियेका शहरातल्या रेडिओ स्टुडिओचा जिना चढली, तेव्हा ती खुशीत होती. उन्हाळ्यातल्या गाण्यांच्या महोत्सवासाठी एक गाणं टेप करायचं होतं. वादक सव्वीस, गायिका मारीसा, आणि सगळं एकत्र, थेट टेपवर. नंतर कुणाचा एक सूरही वेगळा काढता येणार नव्हता की बदलता येणार नव्हता. व्हायोलिनवाल्यांची बस एक वाजता निघणार होती, त्यांचा संध्याकाळी दुसऱ्या गावात कार्यक्रम होता. म्हणजे जे व्हायचं ते एकच्या आत.

नेवा कागदगिरणीत कामाला होती. एकवीस वर्षं तिसऱ्या नंबरच्या यंत्रावर. तिथला गोंगाट असा, की शेजारच्या बाईलाही हातवारे करून आणि ओठ वाचून समजून घ्यावं लागे. कानात कापूस कोंबायचा आणि आठ तास काढायचे. गिरणीच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारा माणूस जहाजावर निघून गेला, तेव्हा त्याची गिटार कोपऱ्यात पडून होती. नेवाने ती उचलली ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या ओपातियाच्या हॉटेलांच्या गच्चीवर पाहुणे नाचायचे ते तिच्या आणि ड्रमवाल्या फेरुचोच्या ठेक्यावर. पण रेडिओचं बोलावणं हे पहिलंच.

पहिल्यांदा गाणं शेवटपर्यंत वाजलं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण सांभाळत बसलेल्या स्रेच्कोने टेप थांबवली आणि त्याचा आवाज स्पीकरमधून आला.

"मधेच काहीतरी करकरतंय. फक्त आवाज आणि बेस आहे ना, तिथे. कुणाची खुर्ची वाजतेय का?"

सगळ्यांनी फेरुचोच्या स्टुलाकडे पाहिलं.

"माझं स्टूल माझ्यापेक्षा शहाणं आहे," फेरुचो म्हणाला. "न विचारता बोलत नाही."

तरी स्टुलाला तेल घातलं. दुसऱ्यांदा वाजवलं. पुन्हा तेच. या वेळी वाजवणं चालू असतानाच स्रेच्को आत एकेक माईक बंद करून पाहत होता. वाद्यवृंदाचा संचालक मायस्त्रो ल्यूबिच, ज्याने गाण्याची रचना बसवली होती, तो हातातली काठी मांडीवर आपटत उभा होता. भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं.

"नेवाबाई, तुमच्याकडून येतंय," स्रेच्को म्हणाला. "ऐका."

त्याने तो तुकडा मोठ्या स्पीकरवर लावला. सहा मात्रांच्या सहा ओळी. मारीसाचा हळुवार आवाज आणि खाली नेवाचे गोल, जाडजूड सूर. नेवा कान देऊन ऐकत होती. सूर तिला अगदी नीट ऐकू येत होते, इतके स्वच्छ की तिला बरं वाटलं. आणि तेवढ्यात तिने पाहिलं, की पहिल्या रांगेतल्या व्हायोलिनवालीने दात आंबल्यासारखा चेहरा केला. पाठोपाठ मारीसाने डोळे मिटून घेतले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. काही क्षणांनी पुन्हा तसंच, सगळ्यांचे चेहरे एकदम आक्रसले.

नेवाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"ऐकलंत ना?" स्रेच्कोने विचारलं.

तिने मान डोलावली. "हो. ऐकलं."

गेल्या दोन-तीन वर्षांत घरातल्या किटलीची शिट्टी तिला ऐकू येईनाशी झाली होती, हे तिला ठाऊक होतं. रातकिडे कमी झालेत असं ती एकदा बहिणीला म्हणाली, तेव्हा बहीण तिच्याकडे बघतच राहिली होती. पण हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. गिरणीच्या डॉक्टरला कळलं तर यंत्रावरून काढतील, आणि वाजवणाऱ्यांना कळलं तर वाजवण्यातून. बारीक आवाज गेले तर गेले, बेसचे सूर तर ऐकू येतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

तिसऱ्यांदा वाजवताना काय टाळायचं तेच तिला कळेना. तिने बोटं जास्त घट्ट दाबली. चौथ्या ओळीत मारीसा गाता गाताच थांबली.

"मला नाही जमणार हे," ती म्हणाली. "माझ्या मानेवरून कुणी नख ओढतंय असं वाटतं."

मायस्त्रोने काठी ठेवली. "अर्धा तास विश्रांती." मग स्रेच्कोकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बेर्तोला फोन कर. त्याला म्हणावं, टॅक्सी कर आणि ये."

बेर्तो हॉटेलात बेस वाजवायचा. टॅक्सीने यायला त्याला अर्धा तास पुरला असता.

नेवा गिटार तशीच गळ्यात घेऊन बाहेरच्या बोळकांडीत गेली. फेरुचो मागोमाग आला.

"काय झालंय तुला? बोटं ओढत वाजवतेयस ती. तारेवरून अशी सरकवतेस की चर्र होतं नुसतं. आधी नव्हतं असं कधी."

"कधीपासून होतंय?"

"मी तुला सीमेपलीकडून, त्रिएस्तेहून तारा आणून दिल्या तेव्हापासून. गच्चीवर कुणाला ऐकू येतंय म्हणून मी बोललो नाही. पण तुला कळत नव्हतं?"

नेवाने डाव्या हाताचं नख जाड तारेवर टेकवलं आणि हळूच ओढलं. नखाखाली कानस होती. जुन्या तारा गुळगुळीत, सपाट पट्टीच्या होत्या. बारा वर्षं त्याच वाजवून त्यांचा नाद मेला, आणि एक तुटली तेव्हा फेरुचोने या आणल्या. यांच्यावर गोल तार गुंडाळलेली होती, दातेरी. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना नेवा बोट तारेवरून उचलायचीच नाही, घसरत न्यायची. बारा वर्षांची सवय. सपाट तारेने ती खपवून घेतली होती.

"फेरुचो, इथे थांब आणि सांग," ती म्हणाली. तिने बोट सरकवलं. "आता?"

"झालं."

तिने पुढच्या वेळी बोट पूर्ण उचललं आणि वर नेऊन टेकवलं. "आता?"

"ते नाही झालं. पण दुसरंच काहीतरी भुंकलं."

ते तिला ऐकू आलं होतं. बोट उचलताना तार मोकळी सुटली आणि खालचा बोजड सूर घुमत राहिला. शेजारची जाड तारही त्याच्या नादाने आपोआप गुणगुणू लागली. गिटारच्या लाकडातून तो घुमारा तिच्या बरगड्यांपर्यंत येत होता. नेवा एकदम थांबली. ओरखडा तिला कधीच ऐकू येणार नव्हता, पण हा घुमारा येत होता. बोटं घसरवायचीच नाहीत, उचलायची, म्हणजे ओरखड्याचा प्रश्नच मिटला. मग उरतो तो घुमारा, आणि त्याचा बंदोबस्त ती स्वतःच्या कानांनी करू शकत होती.

"पुन्हा," ती म्हणाली.

उजव्या हाताचा अंगठा तिने जाड तारेवर आडवा ठेवला. ती तार गप्प झाली. आता डावं बोट उचलायच्या क्षणी उजव्या हाताचं बोट वाजत्या तारेवर टेकवायचं. आधी टेकवलं तर सूर अर्ध्यात तुटत होता आणि गाण्यात भोक पडत होतं. उशीर झाला तर तार भुंकत होती. त्या दोन्हींच्या मधली जागा एवढीशी होती. सहा ओळींत बोट दूर न्यायच्या अशा तीन उड्या. बोळकांडीतल्या खिडकीशी उभी राहून ती त्या तीन उड्या पुन्हा पुन्हा मारत राहिली. फेरुचो प्रत्येक वेळी "हं" किंवा "नाही" म्हणत होता. नवव्या-दहाव्या वेळी तीन "हं" लागोपाठ आले. पुढच्या वेळी पुन्हा "नाही".

जिन्यावर पावलं वाजली. बेर्तो आला होता, धापा टाकत, हातात पेटी.

नेवा त्याच्या आधी आत शिरली. "मायस्त्रो, एकदा वाजवू द्या. एकदाच."

"बाई, साडेबारा वाजलेत. एकदा वाजवण्याइतकाच वेळ आहे. बेर्तोने गाणं पाहिलेलंही नाही, तरी त्याच्यावर भरवसा ठेवू की तुमच्यावर?"

मायस्त्रोने बेर्तोकडे पाहिलं. बेर्तोने मांडणीवरचा कागद उचलला, वाचला आणि पुन्हा ठेवला.

"या मधल्या उड्या मला नुसतं बघून वाजवता येणार नाहीत," तो म्हणाला. "बसवायला तास लागेल. त्यांनाच वाजवू द्या."

टेप फिरू लागली. पहिला अर्धा भाग नेवाला नंतर आठवलाही नाही. मग व्हायोलिनं थांबली, फेरुचोने हात मांडीवर ठेवले, आणि खोलीत फक्त मारीसा आणि ती उरली. पहिली उडी. बोट टेकलं, बोट उचललं, शांत. दुसरी उडी. तिथे अंगठा किंचित सरकला आणि जाड तारेने हूं करायला सुरुवात केली. तिने तळहाताची कड खाली दाबली. तार दबली. पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला. तिसऱ्या उडीला तिने श्वास रोखला. मग व्हायोलिनं परत आली.

गाणं संपलं. स्रेच्कोने टेप मागे नेली आणि तो तुकडा लावला. सगळे ऐकत होते. नेवा ऐकत नव्हती, ती चेहरे बघत होती. व्हायोलिनवाली. मारीसा. फेरुचो. एकाचाही चेहरा आक्रसला नाही, पण स्रेच्को मान खाली घालून बसला होता आणि काचेतून तिला त्याचं टक्कलच तेवढं दिसत होतं. त्याने तुकडा पुन्हा लावला.

"नाही," तो शेवटी म्हणाला.

"काय नाही?" नेवाने विचारलं.

"करकर नाही. हूं असं काहीतरी आलंय एका ठिकाणी, पण ते मारीसाच्या श्वासाखाली झाकलंय. माझ्या बाजूने हे गाणं पक्कं."

व्हायोलिनवाल्यांनी खुर्च्या सरकवल्या, बसकडे धावायची घाई सुरू झाली. त्या गडबडीत नेवा मायस्त्रोजवळ गेली. खोटं बोलून घेतलेलं काम तिला घरी न्यायचं नव्हतं.

"मघाशी मी हो म्हणाले ते खोटं होतं. मला ते ऐकूच येत नाही. बारीक आवाज येत नाहीत मला."

मायस्त्रो तिच्याकडे बघत राहिला. "मग मान कशाला डोलावलीत?"

"आमच्या गिरणीत सगळेच डोलावतात."

टेपच्या डब्यावर वादकांची नावं लिहून घेणाऱ्या स्रेच्कोला मायस्त्रोने तिचं आडनाव नीट लिहायला सांगितलं.

जिना उतरताना फेरुचोने तिची गिटार स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"झांज ऐकू येत नाही म्हणून तू वाजवताना माझ्या पायाकडे बघतेस होय," तो म्हणाला. "आणि मी इतकी वर्षं समजत होतो, माझ्या मोज्याला भोक आहे."

"भोकही आहे," नेवा म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

सोमवारी ती गिरणीच्या डॉक्टरकडे स्वतःहून गेली. महिनाभरात तिला यंत्रावरून काढून कागदाच्या गोदामात घातलं. तिथे कामाचा मान कमी होता, आणि यंत्रावरच्या बायका सुरुवातीला तिच्याशी जरा तुटकच वागल्या. पुढच्या दोन वर्षांत त्यांतल्या चौघीजणी तिच्याकडे एकेकट्या आल्या आणि डॉक्टरकडे जाताना सोबत येशील का, असं विचारून गेल्या. गेलेले आवाज नेवाला परत मिळाले नाहीत, पण उरलेले टिकले. रेडिओने तिला त्यानंतर आणखी अकरा वेळा बोलावलं. दर वेळी टेप सुरू होण्याआधी ती स्रेच्कोला म्हणायची, "वरचं तू ऐक, खालचं मी बघते."