पेटीवरचा टॉवेल

दगडाबाई आत चुलीपुढं बसलेली आणि बाहेर ओट्यावर दोन गडी भांडत होते. तिच्या नवऱ्याच्या, दगडोबाच्या तेराव्याचे पाहुणे नुकतेच उठून गेले होते.

"मला पोलिसांत द्या, मारुतराव. माझ्या हातानं मेला दगडोबा."

"येडा हायेस का, चांगदेव? तू काय जाणूनबुजून बटण दाबलं?" मारुतराव म्हणजे दगडाबाईचा थोरला दीर.

जाणूनबुजून नव्हतंच. सामाईक विहिरीत कुणी मोटारीच्या कामाला उतरलं, की स्टार्टरच्या पेटीवर टॉवेल टाकायचा. मग वर कुणी बटणाला हात लावत नसे. त्या दिवशी दगडोबानंही टाकला होता. पण तो पडला विसराळू, टॉवेल कुठंही सोडून जायचा. लाईट आलेली बघून चांगदेव शेजारच्या वावरातनं आला. घरी नेऊन देऊ म्हणून टॉवेल झटकून खांद्यावर घेतला, आणि दगडोबाचं पाणी खोळंबायला नको म्हणून हिरवं बटण दाबलं. खाली विहिरीत दगडोबाचा हात मोटारीतच होता.

ओट्यावर एक शिक्षा मागत होता, दुसरा देत नव्हता. जिचं कुंकू गेलं तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. दगडाबाई आतूनच वरडली, "आता म्हशीचं दूध डेअरीला कोण घालणार, ते सांगा आधी!"

मग चांगदेव म्हणाला, "मी."

तेव्हापासून तो येत राहिला. भरलेली किटली न्यायची, रिकामी आणून उंबऱ्याशी ठेवायची. चहा नाही, बोलणं नाही. ठरत आलेलं लग्न त्यानं मोडलं. खांद्यावर टॉवेल पुन्हा घेतला नाही, घाम सदऱ्याच्या बाहीला पुसायचा. मारुतराव गेले. मुलगा शिक्रापूरला कंपनीत लागला आणि तिकडंच राहिला. दगडाबाईच्या घरात किटलीच्या कडीचा काय तो आवाज.

बऱ्याच वर्षांनी एकदा नात अक्षदा आली होती, कॉलेजचं पुस्तक घेऊन.

"आजी, ग्रीस देशातलं जुनं नाटक आहे. राजाच्या हातून नकळत माणूस मरतो. कळल्यावर राजा स्वतःलाच शिक्षा करून घेतो. ती योग्य का, असं विचारलंय."

"मेलेल्याची बायको काय म्हणती?"

"प्रश्नात तिचं काही नाहीच."

"मंग अर्धंच इचारलंय त्यांनी."

दुसऱ्या सकाळी दगडाबाई उंबऱ्यात उभी राहिली. "चांगदेव, पुरं झालं आता. डेअरीची गाडी दारावर येती." गाडी केव्हापासूनच येत होती. दोघांनीही ती न बघितल्यासारखं केलं होतं.

"काय चुकलं का, वहिनी?"

"न्हाई रं. सुटलास तू, असं म्हणती मी."

तो किटलीची कडी धरून उभाच राहिला. "मंग सकाळी जाऊ कुठं?"

दगडाबाईच्या मनात आलं, सकाळी कडी वाजली नाही तर आपण तरी कशाला कान द्यायचा?

"बरं, येत जा," ती म्हणाली. "चहा घेत जा पण."

संक्रांतीनंतर एका दुपारी चांगदेव वावरात कोसळला, तो उठला नाही. पण त्या सकाळी तो आला होता. उभ्यानंच चहा प्याला, दूध घालून आला, किटली विसळून उंबऱ्याशी पालथी घातली.

"येतो, वहिनी."

"व्हय," दगडाबाई म्हणाली. हात पिठात होते, तिनं मागं वळून बघितलं नाही.