एक ठोका दाबा, दोन ठोके सोडा

शाळेचा शिपाई वर्गाच्या दाराशी आला तेव्हा मी फळ्यावर त्रैराशिकाचं गणित मांडत होते. "बहनजी, घर से बुलावा आया है," एवढंच तो म्हणाला. घर शाळेपासून दहा मिनिटांवर. अंगणात शिरले तर माझे यजमान कडुलिंबाखालच्या बाजेजवळ उभे होते. बाजेवर त्यांचे थोरले भाऊ, डोळे मिटलेले, एक हात पोटावर, त्या हाताला काळं ग्रीस. खाली चहाचा कप, अर्धा. "दादा गेला," हे म्हणाले. बाजेच्या पलीकडे जीप उभी होती. मागचं उजवं चाक काढलेलं, ती बाजू जॅकवर उचललेली. मी आधी वाकून जीपखाली पाहिलं. लाकडी ठोकळे जागच्या जागी होते. मग बाजेकडे वळले. हे वाचून कुणाला मी कठोर वाटेन, पण ज्यांनी मला ही सवय लावली तेच त्या बाजेवर होते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडी सोडून जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. चहासाठी पाच मिनिटं उठतानाही त्यांनी तो पाळला होता.

याला आता सहा आठवडे होतील. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मी ते कधी घेतलंच नाही. थोरल्या दिराला आमच्याकडे भासरे म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोने त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ती मला सांगितली. आमची मुलं त्यांना मोठेबाबा म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

मी छप्पन साली तिरोडीहून लग्न होऊन बालाघाटला आले. त्याच वर्षी नवं राज्य झालं, बालाघाट हिंदी मुलखात राहिलं आणि इथल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी नागपूरकडे बदल्या मागून घेतल्या. मोठेबाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनाही जाता आलं असतं. त्यांनी नोकरी सोडली, इथेच राहिले आणि बैहर-बिरसाच्या जंगलातल्या रस्त्यांवर मोऱ्या आणि रपटे, म्हणजे पुराचं पाणी वरून जाऊ देणारे ठेंगणे पूल, बांधायची लहान कंत्राटं घेऊ लागले. "दादाले नागपूर मंजूर होतं, जीपले नव्हतं," असं हे म्हणायचे. ती जीप महायुद्धानंतर सैन्याने विकून टाकलेल्यांपैकी, स्टिअरिंग डाव्या हाताला, रंग मूळचा कोणता ते सांगता येणार नाही असा. मोठेबाबांची बायको लग्नानंतर तीन वर्षांतच वारली होती, मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत की त्यांनी जीपशी संसार मांडला. मला तसं कधी दिसलं नाही. संसारात माणूस एवढा नेटका नसतो. उघडलेला प्रत्येक नट ते गोणपाटावर ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने मांडत, आणि मांजराने ती ओळ मोडली तर मांजराशीही दिवसभर बोलत नसत.

माझ्याशी बोलायचं ते भिंतीतर्फे. जेवून उठले की स्वयंपाकघराच्या चौकटीकडे पाहून म्हणायचे, "आज वरनात मीठ दोनदा पडलं वाटते." मी चुलीकडे पाहून म्हणायचे, "ज्याले जास्त झालं त्यानं पानी पेऊन घ्याव." सासूबाई ओसरीवर बसून दोन्हीकडचं ऐकायच्या. त्यांना दिसत कमी होतं, ऐकू मात्र सगळं येई.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. एका सकाळी मोठेबाबा जीपचे ब्रेक उघडून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना बिरसाला जायचं होतं, म्हणजे घाट चढणं-उतरणं आलं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पायाखालचं पेडल लोण्यासारखं मऊ होतं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा बारीक स्क्रू उघडायचा, हवा आणि तेल बाहेर पडू द्यायचं, स्क्रू बंद करायचा, मगच पेडलवाल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा परत आत. यजमान कचेरीत, शेजारी गावाला. मोठेबाबा अंगणात उभं राहून कडुलिंबाला म्हणाले, "पायडल दाबाले एक मानूस असता तर काम झालं असतं."

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "दाब ना वं सूनबाई. पायानं दाबाले बोलाव थोडीच लागते?"

मी पदर खोचला आणि जीपमध्ये चढून बसले. आता अडचण अशी की कधी दाबायचं आणि कधी सोडायचं हे मला खालून सांगणार कोण? ते गाडीखाली शिरले. मग पाना चाकाच्या लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. एकदा. मी पेडल दाबलं. खाली तेलाची पिचकारी उडाल्याचं ऐकू आलं, जरा वेळाने दोन ठोके आले. मी पाय उचलला. अशी भाषा ठरली... एक ठोका दाबा, दोन ठोके सोडा. मागचं उजवं चाक आधी, कारण ते पेडलपासून सगळ्यात लांब, आणि पुढचं डावं शेवटी. त्या शेवटच्या चाकाला माझा पाय अवघडला आणि दोन ठोक्यांच्या आधीच उठला. खालून तीन ठोके आले, घाईघाईने. तीन ठोक्यांचा अर्थ ठरलेला नव्हता. मला तो कळला. त्या चाकाचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी मी पेडलवर असायचे. पुढे शाळेत नोकरी लागली तरी रविवार जीपचा. पाहून पाहून मला बरंच कळू लागलं. पुढच्या चाकांच्या सांध्यात ग्रीस कधी भरायचं, गिअरच्या तेलाला जळका वास आला म्हणजे काय झालं. त्या जीपला एक वेगळा दांडा होता. तो ओढला की नेहमीच्या मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोनांनाही जोर मिळे, आणि गुडघाभर चिखलातून गाडी म्हशीसारखी शांत बाहेर येई. कडक रस्त्यावर आलं की दांडा परत सोडायचा, हेही मला ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती, आणि तिथेच घोळ झाला.

लग्नाला दहा वर्षं होत आली असतील. मोठेबाबा हिवतापाने तीन आठवडे पडून होते. मागचे दोन टायर झिजून आतली जाळी दिसायला लागली होती. मी माझ्या पगारातून दोन नवे टायर घेतले, पंक्चरवाल्याकडून मागे बसवून घेतले, आणि कुणाला काही बोलले नाही. ते उठले त्या दिवशी काठी टेकत जीपभोवती एक फेरी मारली. मागच्या टायरवरून तळवा फिरवला, पुढच्यावरून फिरवला. स्वयंपाकघराच्या चौकटीकडे पाहून म्हणाले, "टायर चांगले आहेत." मी आठवडाभर खूश होते.

पावसाळा सरता सरता ते बिरसाकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी जीप एका ट्रकच्या मागे दोराने बांधून घरी आली. चारही चाकांना जोर वाटून देणारा मधला गिअरचा डबा फुटला होता. यजमानांनी विचारलं, "दादा, कडक रस्त्यावर दांडा सोडला नव्हता का?" मोठेबाबा म्हणाले, "हौ. विसरलो असन." या कबुलीचा घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला. जो माणूस नटांचा क्रम विसरत नाही तो दांडा विसरला, म्हणजे वय झालं. आज रस्त्यावर विसरला, उद्या घाटात विसरेल. सासूबाई आणि यजमानांनी ठरवलं, जीप विकायची. जीप गेली की जंगलातली कामं गेली, आणि कामं गेली की हे गृहस्थ बाजेवर बसून करणार काय, हे सगळ्यांना कळत होतं. तरी ठरलं. वाराशिवनीचा एक भंगारवाला रविवारी येणार होता.

शुक्रवारी मी शाळेतून आले तेव्हा ते जीपजवळ उकिडवे बसून मागच्या टायरभोवती सुतळी गुंडाळत होते. मला पाहताच सुतळी खिशात गेली. मला ते चमत्कारिक वाटलं. ते आंघोळीला गेल्यावर मी माझी सुतळी आणली. आधी मागचा टायर मोजला, मग पुढचा. पुढचा चार बोटं कमी भरला. गणित शिकवणाऱ्या बाईला यापुढचं सांगावं लागत नाही. झिजलेला टायर लहान, नवा मोठा. एका फेऱ्यात चार बोटांचा फरक, शंभर फेऱ्यांत चारशे. दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं एकाच डब्यात जखडली जातात. चिखलात चाक घसरून तो फरक काढून टाकतं. कडक रस्त्यावर घसरता येत नाही, मग सगळा पीळ डब्यात साठतो, दांडा अडकतो, सोडू म्हटलं तरी सुटत नाही. ते विसरले नव्हते. डबा माझ्या टायरांनी फोडला होता, आणि हे त्यांना टायरवरून तळवा फिरवला तेव्हापासून माहीत होतं.

दोन दिवस मी विचार करत होते की हे कुणातर्फे सांगावं. यजमानांतर्फे, की सासूबाईंतर्फे? की आपणच भिंतीला सांगावं? रविवारी भंगारवाला आला, जीपभोवती फिरला, बॉनेटवर थाप मारून यजमानांना म्हणाला, "तो बात पक्की समझूँ, बाबूजी?" यजमान मान हलवणार एवढ्यात मी ओसरीवरून खाली उतरले. मोठेबाबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "टायर सारखे पायजेत, हे तुम्ही मले सांगतलं काहून नाही?"

दहा वर्षांतलं माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य. ते भांडणाचं असावं, हे बरंच झालं, असं मला नंतर वाटलं. ते आधी कडुलिंबाकडे पाहत राहिले... मग माझ्याकडे पाहिलं. "सांगतलं होतं," ते म्हणाले. "तापात होतो तवा. याले." बोट यजमानांकडे.

यजमान म्हणाले, "मले वाटलं, टायर घेईन तवा सांगू. हिनं तं घेऊनच टाकले."

"अन् मंग?" मी मोठेबाबांना विचारलं. "मंग तरी सांगायचं."

"मंग काय सांगू?" ते म्हणाले. "तुमच्या पगाराचे होते. म्हटलं, दांडा लावाचाच नाही. पन त्या दिवशी नाल्यात फसलो. लावाच लागला. रस्त्यावर आल्यावर सोडाले गेलो, सुटे ना. गाडी मागं घेऊन पायलं, तरी नाही."

"तुम्ही विसरलो म्हणालात," मी म्हटलं.

"म्हटलं," ते म्हणाले. एवढंच.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "बोलली एकदाची. मले वाटलं, मी मेल्यावरच बोलान तुम्ही दोघं." ज्या बाईने रीत लावली तिनेच हे म्हणावं, याला काय म्हणायचं? भंगारवाल्याने यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी हात जोडले, तो सायकल घेऊन गेला.

डबा दुरुस्त व्हायला तीन महिने लागले. उकव्याला एक मोडकी जीप पडून होती, तिचा डबा आणला आणि दोन्हींतले धड दातांचे गिअर एकत्र करून अंगणात एक डबा तयार केला. पुढच्या चाकांना दोन नवे टायर येईपर्यंत दांड्याला सुतळीची गाठ मारून ठेवली होती, कुणी चुकून ओढू नये म्हणून. ती सुतळी मी ओळखली. त्यानंतर ती जीप त्यांनी शेवटपर्यंत चालवली, घाट चढवला, उतरवला, आणि विसरले म्हणण्याजोगं काही माझ्या पाहण्यात आलं नाही.

रीत त्या रविवारी संपली असं कुणी समजू नये. सणावारी पदर होता, नाव मी घेतलं नाही, वरणाचं मीठ चौकटीलाच सांगितलं जाई. पण जीपचं जे काही असेल ते आम्ही थेट बोलत असू, आणि तिथे ते मला भरपूर बोलत. फक्त ब्रेकच्या वेळी बोलायचो नाही. एकदा मी म्हटलं होतं, आता तोंडाने सांगा की. ते म्हणाले, "इंजन चालू असलं तं आवाज ऐकू येत नाही. पाना ऐकू येते." इंजिन तेव्हा बंद असायचं.

तेरावं झालं, पाहुणे गेले, तरी जीप कडुलिंबाखाली ठोकळ्यांवर तशीच होती. मागच्या उजव्या चाकाचं काम अर्धवट, गोणपाटावर नट त्यांच्या क्रमाने. गेल्या रविवारी मी यजमानांना म्हटलं, एवढं तरी पुरं करा. त्यांनी क्रमाने सगळं बसवलं, मग ब्रेकची हवा काढायला गाडीखाली शिरले. मी पेडलवर बसले. "दाब," ते खालून ओरडले. मी पाय हलवला नाही.

"अवं, दाब ना. झोपली का?"

"बोलू नका," मी म्हटलं. "पाना वाजवा. एकदा वाजवला की दाबीन, दोनदा वाजवला की सोडीन."

खाली काही वेळ पुटपुटणं चाललं. मग एक ठोका आला. मागचं उजवं झालं, मागचं डावं झालं, पुढचं उजवं झालं. पेडल चांगलं कडक होत आलं. माझं वय आता चाळिशीच्या पुढे आहे, गुडघा पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुढच्या डाव्या चाकाला पाय जरा आधीच उठला.

खालून तीन ठोके आले, घाईघाईने.

"हे तुम्हाले कोनी शिकवलं?" मी विचारलं.

"काय?"

"तीन ठोके."

"कोनी नाही," ते म्हणाले. "राग आला, वाजवले."

मी पाय पुन्हा पेडलवर ठेवला आणि एका ठोक्याची वाट पाहत बसले.