पिंपळीच्या वावरातले खर्डे

कदम सरांनी फाईल माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, ही गोष्ट या मुलीनं लिहिलेली नाही. फोनकडनं लिहून घेतलीय."

मुलगी म्हणजे वैशाली. ती स्टाफरूमच्या दाराबाहेर उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. आत काय चाललंय ते तिला चांगलं ठाऊक होतं.

थोडं मागचं सांगते, म्हणजे कळेल. आमच्या बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला सर्जनशील लेखन असा विषय आहे. गोष्ट, नाटुकलं, कविता कशी लिहायची ते शिकायचं. हे काय शिकवून येतं का, असं मला लग्नाकार्यात बायका विचारतात. मी म्हणते, पोहायला शिकवतात तसंच. पाण्यात तुम्हीच उतरायचं, मी काठावरनं ओरडणार. मी स्वतः बारावीच्या पुढं शिकले नाही. रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी छोट्या नाटिका लिहीत गेले, लिहिता लिहिता हात बसला. नव्या शिक्षण धोरणात प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांना तास घ्यायला बोलावता येतं, म्हणून मला बोलावलं. कदम सर आमचे विभागप्रमुख. वयानं माझ्या लेकाएवढे, पण माणूस सरळ. कुणावर उगीच आळ घेणार नाहीत.

आणि आळ घ्यायला कारण होतं. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं पोर्टफोलिओ द्यायचा असतो. पोर्टफोलिओ म्हणजे वर्षभर लिहिलेल्याची फाईल. त्यात पक्क्या प्रतीबरोबर खर्डे लावायचे, म्हणजे आधीचे खाडाखोड केलेले कागद. हा नियम मीच घालायला लावला होता. हल्ली फोनला विषय सांगितला की तो उभ्या उभ्या आख्खी गोष्ट काढून देतो. खाडाखोड मात्र माणसाची असते, असा माझा हिशोब.

वैशालीच्या फाईलला खर्डा एकही नव्हता. गोष्ट एका बैठकीत फोनवर टाईप केलेली, कुठं गिरवलं नाही की खोडलं नाही. वर्गात ही मुलगी तोंड उघडत नाही. बाकीच्या पेपरात जेमतेम पास. आणि गोष्ट अशी, की मी वाचून संपवली आणि चहा गार झाला तरी कप उचलला नाही.

गोष्ट एका कुत्र्याची. एक घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. पुढं रानाला पाणी आलं, ऊस आला, कळप विकला. राहिलं ते राखणीचं कुत्रं. त्याला काम उरलं नाही. मग ते कोंबड्या वळवायला लागलं, शाळेला जाणारी पोरं वळवायला लागलं. एक दिवस रस्त्यानं परका कळप चालला, तर त्याच्यामागं गेलं. संध्याकाळी परत आलं आणि बांधावर उभं राहून घरातल्या म्हाताऱ्याकडं बघत राहिलं. म्हाताऱ्यानं दगड उचलला आणि त्याला मारला. जा म्हणाला, तुझं काम तिकडं हाय. तिथं गोष्ट संपते.

सर म्हणाले, "शेवटाची इतकी नेमकी जागा हिला सापडली? मला शंका आहे."

शंका खरी ठरली तर विषयाला शून्य. वैशालीचं घर नरसिंहपूरच्या पलीकडं. इथं ती जळोचीला आत्याकडं राहून शिकते. वडलांनी पाठवतानाच बजावलं होतं, एक जरी विषय राहिला तरी बोजाबिस्तरा उचलायचा. ते तसं करणारे आहेत, हे ती माझ्यापाशी एकदा बोलली होती.

तिला आत बोलावलं. खर्डे कुठं आहेत, विचारलं. ती म्हणाली, "न्हाईत, मॅडम. कागदावर न्हाईत."

"मग कशावर आहेत?" सरांनी विचारलं.

मग हळूहळू कळलं. रविवारी ती आत्याबरोबर पिंपळीला खुरपायला जाते. आठ-दहा बायांची टोळी असते. ओळीनं बसून तण काढायचं, आणि हात चालू असताना कुणीतरी काहीतरी सांगायचं. सिरियल, सासू, नाहीतर कुणाची सोयरीक. वैशाली तिथं गोष्ट सांगायची. बाया हसल्या की ती जागा ठेवायची. मध्येच कुणी पाणी प्यायला उठली की समजायचं, हितं लांबलं. पुढच्या रविवारी बदलून सांगायची. गोष्ट सगळी मनासारखी बसली तेव्हा एकदाच टाईप केली.

माझं मन लगेच तिच्या बाजूनं झुकलं. सरांचं नाही. ते म्हणाले, "हे कुणीही सांगेल, मॅडम. पुरावा काय?"

मी म्हटलं, "आत्याला फोन लावा. तुम्हीच बोला. वैशाली गप्प बसेल." आमच्या वर्गाचा नियमच आहे तो. ज्याची गोष्ट त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं.

फोन स्पीकरवर टाकला. आत्या वावरातच होती. मागं बायांचा गलका.

"कोन? कालीजातनं? आमच्या वैशीनं काय केलं?"

काही केलं नाही, सर म्हणाले. ती कुत्र्याची गोष्ट सांगायची ना, ती जरा सांगा.

"कुठली सांगू? पयली का दुसरी?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

आत्याला सांगायची हौस होती. पहिल्यांदा वैशालीनं कुत्रं ट्रॅक्टरखाली घातलं. बायांनी तिला शिव्या घातल्या, रोजगारावर येऊन वर रडायचं का म्हणून. पुढच्या वेळी कळपाबरोबर लावून दिलं. तेव्हा एकजण म्हणाली, कुत्र्याची सोय झाली, म्हाताऱ्याचं काय? त्यावर म्हणे वैशाली दोन रविवार काहीच बोलली नाही. तिसऱ्या रविवारी दगड आला.

"आन मग?" सर म्हणाले. नकळत त्यांची भाषा बदलली होती.

"मग काय. खुरपी हातात तशीच. मालकीण बांधावरनं वरडली, काय झोपलाव काय म्हनून."

सरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, सुटली पोरगी. पण आत्या थांबली नव्हती.

"सर, एक सांगते. कुत्रं आमचंच, काळ्या नावाचं. ते म्हातारं हून दारात मेलं. आमच्या तात्यांनी त्याला कवा दगुड मारला न्हाय. सवताच्या ताटातली भाकर घालायचे. आता तात्या न्हाईत. वावरात सांगितलं ते वाऱ्यावर गेलं, पर उद्या कालीजानं ह्ये छापलं तर गावात वाचत्याल. तेवढा दगुड काढा."

मी वैशालीकडं बघितलं. जिच्या घरी राहायचं, जिच्या हातचं खायचं, तिची मागणी. आणि मागणी काही वावगी नव्हती. तात्या म्हणजे तिचे वडील, त्यांच्या नावाचा प्रश्न होता. मला विचारलं असतं तर मीसुद्धा कदाचित काढ म्हणाले असते.

वैशालीनं गप्प बसायचा नियम मोडला. फोनकडं वाकून म्हणाली, "आत्या, तात्यांनी मारला न्हाय, मला म्हाईत हाय. गोष्टीतला म्हातारा मारतो. त्याचा कुत्र्यावर जीव हाय म्हनून मारतो. दगुड ऱ्हानार."

मग आत्या म्हणाली, "घरी ये, बघते तुला," आणि फोन कट झाला.

सरांनी फाईल मिटली. म्हणाले, "हिचीच आहे. उसनी गोष्ट असती तर पहिल्या फटक्यात दगड काढून मोकळी झाली असती."

वैशाली पास झाली. खर्ड्यांचे गुण मात्र सरांनी निम्मेच दिले, कागद नाही म्हणून. मी भांडले नाही. आत्यानं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला आणि डबा रोज वेळेवर दिला.

नियमात आम्ही एक ओळ वाढवली, खर्डा तोंडी असला तरी चालेल. यंदा लगेच पाच-सहा पोरं आली. मॅडम, आमचे खर्डे तोंडी आहेत. मी म्हटलं, फार छान, कुणाला सांगितले त्यांचे फोन नंबर द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कागद आणले. खाडाखोड भरपूर होती, आणि शाई अजून ओली.