मोठ्या दुकानातले उस्ताद

परवा सकाळी माझ्या सेवा केंद्रात एक मुलगी आणि तिचे वडील कुरिअरनं आलेलं खोकं घेऊन आले. सातबारा काढून देणं, पीकविम्याचे अर्ज भरणं, शिष्यवृत्तीची कागदपत्रं चढवणं, असली माझी रोजची कामं; पण खेड्यात संगणकासमोर बसणाऱ्या बाईला सगळंच येत असणार असं लोक धरून चालतात, आणि मीही कुणाला नाही म्हणत नाही. मी ब्लेडनं चिकटपट्टी कापली, खोक्याचं झाकण उचललं, लॅपटॉपवरची पातळ पिशवी सोडवली आणि तो वास आला. कोऱ्या प्लास्टिकचा, थोडा गोडसर, थोडा औषधी. कधीकाळी हा वास माझ्या कपड्यांत, वेणीत मुरलेला असायचा. संध्याकाळी घरी गेले की आई म्हणायची, तू आलीस हे दारातच कळतं. तेव्हा मला त्या वासाचा अभिमान होता. परवा मात्र मी तोंड बाजूला फिरवलं. मुलगी विचारत होती, ‘ताई, हे बिघडलं तर कुठं दाखवायचं?’ साधाच प्रश्न. मी खोक्यातली चार्जरची वायर उलगडत राहिले.

परभणीत वसमत रस्त्याला ते संगणकांचं मोठं दुकान उघडलं, तेव्हा मी नुकतीच संगणकाची पदवी घेऊन पेडगावात घरी बसले होते; तिथं बिलिंगच्या टेबलावर मला नोकरी लागली. कंपनी दूरच्या महानगरातली, गावोगाव तिची दुकानं. आमच्याकडे तोवर संगणक म्हणजे एखाद्या गल्लीतल्या अंधाऱ्या खोलीत, सुट्या भागांतून जुळवून मिळणारी वस्तू. इथे एकदम जमिनीपासून छतापर्यंत काच, आत थंडगार हवा आणि ओळीनं मांडलेले उजळ पडदे. सुरुवातीला माणसं दाराबाहेर चपला काढायची. आम्ही आतून हातानं खुणावायचो, तरी कित्येक जण अनवाणीच यायचे आणि त्या पांढऱ्या फरशीवर जपून पावलं टाकायचे. एक संगणक घ्यायला सेलू-मानवतहून जीपभर माणसं यायची. मामा, आत्या, सल्ल्याला म्हणून सोबत आणलेले गावातले गुरुजी. वैशाखात तर काहीच घ्यायचं नसलेलेही यायचे, घटकाभर गारव्यात टेकायचे आणि उठताना ओशाळून एखादा माऊस विकत घ्यायचे. मला ते सगळं फार आवडायचं. आपल्या जिल्ह्यातही काहीतरी मोठं आलं, आता आपण मागे नाही, असं वाटायचं. आता स्वतःच्या त्या भाबडेपणाचा राग येतो.

खरं सांगायचं तर लोकांचा विश्वास त्या काचेवर नव्हताच. तो होता उस्तादांवर. सगळं शहर त्यांना उस्तादच म्हणायचं, म्हणून मीही इथं तेच म्हणते. मूळचे ते गंगाखेडकडचे, ऊस लावणाऱ्या घरातले. तरुणपणी रेडिओ-टेप दुरुस्त करू लागले, मग टीव्ही, मग संगणक. शिकवायला कुणी नव्हतं, उघडून उघडून शिकले. स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं चिंचोळं दुकान होतं, आणि उस्तादांनी हे मशीन घ्या म्हटलं की माणूस दुसरीकडे विचारायला जात नसे. आमच्या मॅनेजरला हे महिनाभरात उमगलं. तो तीन वेळा त्या गल्लीत जाऊन बसला, चहा प्याला, गोड बोलला. शेवटी उस्तादांनी आपलं दुकान सोडलं आणि कंपनीचा निळा शर्ट घालून आमच्याकडे मागच्या भिंतीलगत, दुरुस्तीच्या काउंटरवर येऊन बसले. ‘उस्ताद तिथं हायत म्हणल्यावर काय बघायचं,’ असं म्हणत मग खरी गर्दी सुरू झाली.

मशीन उघडण्याआधी ते मशीनच्या मालकाशी बोलत. पाणी सांडलं का, वीज ये-जा करते का, लेकरं खेळतात का, असं सगळं विचारून घेत. पंख्याच्या घरघरीवरून बिघाड ओळखत. माझ्याशी पहिल्या दिवसापासून ‘पोरी’ म्हणूनच बोलले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला शेजारी बसवून एकेक भाग दाखवत, हातात स्क्रू ड्रायव्हर देत. आज केंद्रातला प्रिंटर अडला तर मी कुणाला बोलवत नाही. ती विद्या त्यांची.

उतरण लागली तिचा सुरुवातीला आवाजही आला नाही. लोकांच्या हातात मोठे फोन आले आणि निम्म्या घरांना संगणकाची गरजच उरली नाही. ज्यांना होती ते यायचे, तासभर माझ्याकडून सगळं समजून घ्यायचे, मॉडेलचा फोटो काढायचे, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायचे आणि घरी जाऊन फोनवरून तेच मशीन मागवायचे. ते बिघडलं की निर्लज्जपणे आमच्या उस्तादांकडे. उस्तादांनी कुणालाच परत पाठवलं नाही. आठवड्याला येणारी मालाची गाडी महिन्यावर गेली. एकाआड एक दिवे बंद ठेवायचा हुकूम आला, थंड हवा फक्त दुपारपुरती राहिली. मांडण्या ओक्या दिसू नयेत म्हणून आम्ही रिकामी खोकी कडेला एका रांगेत लावायचो आणि त्यांच्या मागे पोकळी सोडायचो. रोज सकाळी त्या रिकाम्या खोक्यांवरची धूळ मी फडक्यानं पुसत असे. दूरवर बसलेल्या साहेबलोकांना ती खोकी भरल्यासारखी दिसायला हवी होती, की परभणीच्या लोकांना, हे मला अजून कळलेलं नाही.

उस्तादांना सगळ्यांच्या आधी कळलं, कारण त्यांच्याकडे सुटे भाग येणं थांबलं. मागच्या रॅकवर लोकांची उघडी पडलेली मशिनं साचत चालली, प्रत्येकाला दोऱ्यानं नावा-गावाची आणि फोन नंबरची चिठ्ठी बांधलेली.

‘चार महिने झाले पोरी, एक पार्ट आला न्हाई,’ ते एकदा म्हणाले. ‘कंपनी बसायलीय. तू दुसरीकडं बघ कुठं.’

‘आणि तुम्ही?’

‘मी काय बघतो आता? माझं दुकान मीच घालवलं.’

नेमक्या त्याच दिवसांत मुख्य कार्यालयाचा आदेश आला: प्रत्येक मशीनबरोबर तीन वर्षांची वाढीव वॉरंटी विकायची. ज्या कंपनीला तीन महिन्यांची खात्री नव्हती, ती आमच्या तोंडून तीन वर्षांचं वचन देत होती. आणि ते वचन मी दिलं. चारठाण्याकडून मायलेकी आल्या होत्या. आई शेळ्या-मेंढ्या राखणारी, एरवी मजुरीला जाणारी. मुलीला फार्मसीला प्रवेश मिळालेला. मुलगी मशीनला हात लावायलाही बिचकत होती. मी मशीन दाखवलं आणि वॉरंटीचा कागद पुढे केला, तेवढ्यात मागून उस्ताद काउंटर सोडून आले.

‘मावशी, मशीन चांगलं हाय, घ्या. पण ते वॉरंटीचं घेऊ नका.’

ती बाई गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी हसले. हो, मी हसले, आणि म्हणाले, ‘उस्ताद जुन्या वळणाचे आहेत, मावशी. एवढी मोठी कंपनी, ती काय पळून जाते का?’ बाईनं एकदा त्या उजळ दुकानाकडे पाहिलं, एकदा उस्तादांच्या विटक्या शर्टाकडे, आणि कागदावर अंगठा नव्हे, सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत.

मॅनेजर केबिनच्या दारात उभा होता. आठवड्याच्या आत विभागीय साहेब चौकशीला आले. मला आत बोलावून टाइप केलेला कागद पुढ्यात ठेवला. त्यात माझ्या नावानं लिहिलं होतं: सर्व्हिस काउंटरवरील कर्मचारी गिऱ्हाइकांची दिशाभूल करतात, कंपनीविरुद्ध बोलतात, माझ्यासमोर बोलले. ‘नुसती औपचारिकता आहे,’ मॅनेजर म्हणाला. ‘तुझं नाव आम्ही नांदेडच्या दुकानासाठी सुचवलंय.’ मला समजलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी तो कागद पूर्ण वाचला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद आपल्या घरच्या शर्टात आले. हत्यारं जुन्या टॉवेलात गुंडाळली. मी मान खाली घालून बिलिंगच्या पडद्यात डोळे रुतवून बसले होते. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

‘पोरी, मागं पंचवीस-तीस मशिनं हायत. लोक माझ्या तोंडाकडं बघून ठेवून गेलेत. कुलूप लागायच्या आधी एकेकाला फोन करून बोलव. दुरुस्त नसंना का, ज्याचं त्याला गेलं पायजे. करशील ना?’

मी करते म्हणाले. मॅनेजरला विचारलं, तर तो खेकसला, ‘लोकांना घाबरवायचंय का? गावभर बोभाटा होईल.’ झालं, तेवढ्यावर मी गप्प बसले. खरं तर त्याला विचारायची गरजच नव्हती. चिठ्ठ्यांवर नंबर होते, माझ्या पर्समध्ये फोन होता, येता-जाता एस.टी.त मला तासभर रिकामाच असे. पण नांदेडचं पत्र आज येईल, उद्या येईल, अशा आशेवर मी रोज त्या रॅकसमोरून नजर चुकवून जात राहिले. मधेच चारठाण्याच्या मुलीचं मशीनही दुरुस्तीला आलं. तिच्या नावाची चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं बांधली.

आणि मग एका सोमवारी सकाळी दुकानाचं शटर खाली होतं. वर इंग्रजीतला एक कागद चिकटवलेला. रविवारी ट्रक येऊन विकाऊ माल घेऊन गेला होता. थंड हवेची यंत्रं, खुर्च्या, अगदी भिंतीवरचे दिवेसुद्धा नेले होते. लोकांची बिघडलेली मशिनं तेवढी कवडीमोल म्हणून आत टाकून दिली होती. मॅनेजरचा फोन बंद. नांदेडचंही दुकान त्याच दिवशी बंद झालं, हे मला एका सहकाऱ्याकडून कळलं. माझ्यासाठी कुठलं पत्र कधी निघालंच नव्हतं.

उस्तादांना हे कळलं तसे ते गंगाखेडहून आले. ज्यांनी त्यांना काढून टाकलं त्यांचं हे काम. त्यांना काय गरज होती? पण चार दिवस ते इमारतीच्या मालकाच्या पायऱ्या झिजवत राहिले, पोलीस ठाण्यात जाऊन बसले, आणि शेवटी एका हवालदाराच्या देखत शटर अर्ध्या दिवसापुरतं उघडून घेतलं. ही बातमी तोंडोतोंडी पसरली. मीही गेले. भर उन्हाचे दिवस. आमच्याकडे मुली ऊन लागू नये म्हणून डोक्यापासून तोंडापर्यंत ओढणी गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. तशीच ओढणी गुंडाळून मी समोरच्या रसवंतीपाशी उभी राहिले. उस्ताद एकेक चिठ्ठी वाचून नाव पुकारत होते, मशीन हातात देत होते, ‘ह्याचा पावर सप्लाय गेलाय, बाकी काय न्हाई,’ असं ज्याचं त्याला सांगत होते. पण लोकांना राग काढायला एक माणूस हवा होता, आणि समोर तेवढा एकच होता. आवाज चढत गेले. एका माणसानं उस्तादांची कॉलर धरली. त्या माणसाचा टीव्ही, मुलांचे संगणक, सगळं उस्तादांनीच वर्षानुवर्षं सांभाळलेलं. दुकानात त्यांच्याशी गप्पा मारत बसलेलं मी त्याला कितीदा पाहिलं होतं. ‘चोरांनो, आमाला गंडवलं तुमी सगळ्यांनी!’ उस्तादांचा चष्मा खाली पडला. हवालदार तंबाखू मळत बघत राहिला.

तेव्हा गर्दीतून ती चारठाण्याची बाई पुढे आली. तिनं त्या माणसाचा हात धरून खाली ओढला.

‘त्याला कामून धरलं रे? ह्या माणसानं भर दुकानात सांगितलं होतं मला, वॉरंटी घेऊ नका म्हणून. मीच ऐकलं न्हाई. त्या बिलवाल्या पोरीनं गोड बोलून गळ्यात मारली. तिला हुडका!’

मी रस्त्याच्या या बाजूला होते. मधे वीस पावलांचा रस्ता. मला ओढणी सोडायची होती, रस्ता ओलांडायचा होता, खाली वाकून तो चष्मा उचलायचा होता. रसवाल्यानं विचारलं, ‘ताई, रस देऊ का?’ मी हो म्हणाले. ग्लास हातात घेतला, आणि तोंडावरची ओढणी काढावी लागेल म्हणून तो न पिताच ठेवून निघून आले.

त्या जागेत आता तयार कपड्यांचं दुकान आहे. काच तीच, फरशी तीच. चपला काढून कुणी आत जात नाही. कंपनीचे मालक म्हणे दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहेत आणि सुखात आहेत. उस्ताद गंगाखेडला भावाच्या घरीच राहिले आणि त्यांनी हत्यार पुन्हा हातात धरलं नाही, एवढं कानावर येत राहिलं. जायचं जायचं म्हणत मी किती वर्षं घालवली ते सांगायला लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात एकदाची गेले. ऊसतोड चालू होती, रस्त्याला बैलगाड्यांची रांग. उस्ताद घराच्या ओट्यावर बसले होते, वाळलेले, पण नजर तीच. मला लगेच ओळखलं. भावजयीला चहा टाकायला सांगितलं, माझ्या घरच्यांची चौकशी केली, केंद्र कसं चालतंय विचारलं. शेवटी मी सगळा धीर गोळा करून म्हणाले, ‘उस्ताद, तुमच्याविरुद्धच्या त्या कागदावर मी सही केली होती.’

‘ठाव हाय,’ ते म्हणाले. ‘मला काढलं तवा वाचून दाखवला ना त्यांनी. खाली तुझं नाव होतं.’

म्हणजे त्या दुपारी हत्यारं गुंडाळून माझ्यासमोर येऊन उभे राहिले, तेव्हाच त्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, ‘तरीही ते मशिनांचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत?’

उस्तादांनी बशीतला चहा संपवला, बशी बाजूला ठेवली.

‘दुसरं कोण होतं तिथं?’

त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. थोड्या वेळानं ते उसाच्या भावाबद्दल बोलू लागले आणि मी मान डोलवत राहिले. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की एका भल्या माणसानं आपल्यावर विश्वास टाकला आणि आपण त्याला जागलो नाही. त्या दुःखातही कुठेतरी एक सुख होतं, आपण कुणाच्या तरी विश्वासाचे होतो याचं. तो विश्वास नव्हताच. तो एका एकट्या पडलेल्या माणसाचा नाइलाज होता. दुकानं येतात आणि जातात, यंत्रं जुनी होऊन भंगारात जातात, ज्यांनी फसवलं त्यांची नावंही लोक विसरतात. काळ बहुतेक गोष्टी बोथट करतो म्हणतात. उस्तादांचा हा एक प्रश्न मात्र त्यानं तसाच ठेवलाय, आणि उत्तर देण्याची वेळ माझ्यासाठी केव्हाच होऊन गेली आहे.