शेजारच्या मावशींनी घेतलेली तालीम

शेजारच्या जपानी मावशी नसत्या, तर मुलीच्या शाळेत मी तोंडच उघडलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं माझंच कौतुक केल्यासारखं वाटेल.

माझी शाळा नववीत सुटली. लग्न होऊन अमेरिकेत पिस्कॅटवेला आले, पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की अजून नवऱ्याला पुढे करते. मावशींचीही शाळा लवकरच सुटली होती, पण ती गाण्यांच्या रेकॉर्ड निघायला लागल्या म्हणून. त्या तिकडे जपानात गायिका होत्या. पुढे गाणी मागे पडली आणि टीव्हीवर कामं मिळाली. आधी नर्सची, मग वर्षानुवर्षं खाष्ट सासूची. आता इथं मुलाकडे असतात. एकदा मी शंकरपाळे दिले. रिकामा डबा परत करायचा नाही ही त्यांच्याकडचीही रीत, त्यामुळे तो डबा दोन वर्षं नुसता ये-जा करतोय.

यंदा पॅरेंट-टीचर मीटिंगला नवरा कामासाठी ओहायोत. मुलगी म्हणाली, "इट्स ओके आई, यू डोन्ट हॅव टू कम." तिला माझी लाज वाटते का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मावशींना सांगितलं, तर त्याच टीचर होऊन समोर बसल्या. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. तीन वाक्यं पाठ करून घेतली. "पुन्हा! असा चेहरा केलास तर टीचर ॲम्ब्युलन्स बोलावेल." मी निघताना म्हणाल्या, "लाइव्ह कार्यक्रमात मी एकदा गाणं विसरले. लोकांपुढे वाकले, म्हटलं, पुन्हा सुरू करते. लोक थांबले."

मीटिंगमध्ये टीचरनं पहिलाच प्रश्न भलता विचारला. घाबरून मी तिसरं वाक्य बोलून मोकळी झाले, निरोपाचं. "थँक यू फॉर युअर टाइम." शेजारी बसलेली मुलगी खाली बघायला लागली. मी उभी राहिले, हात जोडले. "सॉरी. आय स्टार्ट अगेन."

टीचर हसली आणि थांबली. मग मी पाठ न केलेलंच विचारलं, ही वर्गात बोलते का? टीचर म्हणाली, फार कमी, चुकायला घाबरते.

गाडीपाशी आल्यावर मुलगी म्हणाली, "नेक्स्ट टाइम पण तूच ये."

हल्ली मावशी डॉक्टरांशी बोलताना मध्येच इंग्रजी शब्द विसरतात. मी त्यांना सांगून ठेवलंय, अजून थोडं शिकू द्या मला. मग मी तुमच्या शेजारी बसेन, आणि अडलात की पुढचा शब्द मी देईन.