उशिरा आलेली साडी आणि आकाशातले चौघे

साडीची कापडी पिशवी ट्रंकेतनं काढली, मांडीवर घेतली आणि लेकीच्या गाडीत पुढं बसलो. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत हातमाग सुरू झाले होते. त्या खडखडाटातनं कुणीतरी ओरडून विचारलं, "आप्पा, कुठं निघालासा सकाळच्या पारी?"

"निपाणीकडं. भांडायला."

लोक हसले. मी थट्टा केली नव्हती.

आधी कारण सांगतो, मग रस्ता. गेल्या वर्षी माझी बायको शांता वारली. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. हिरवी. ती भाऊ घेऊन येतो, मगच उचलायचं. तिचा धाकटा भाऊ मारुती निपाणीच्या पलीकडं वेदगंगेच्या काठाला राहतो. पहाटेच त्याला फोन केला होता. हायवेनं फार तर दोन तासांची वाट. दुपार कलली तरी मारुतीचा पत्ता न्हाय, फोनबी उचलत न्हाय. गल्लीतली माणसं कुरकुरायला लागली, किती वेळ ठेवणार म्हणून. शेवटी माझ्याच मागावरची एक साडी घातली आणि तिला नेलं. स्मशानातनं परत आलो तर मारुती दारात उभा. काखेत ही पिशवी.

"दाजी, मोबाईलनं रस्ता चुकवला," एवढंच बोलला.

मी पिशवी घेतली आणि न उघडता ट्रंकेत टाकली. त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. वर्षश्राद्धालाही त्याला बोलावलं नाही.

वर्षभर आकाशातल्या त्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्रांना मी शिव्या घातल्या. मग एक दिवस डोक्यात आलं, निपाणीत हयात काढलेला माणूस बेळगावचा सरळ रस्ता चुकतोच कसा? म्हणून लेकीला म्हटलं, तेच यंत्र लाव, त्याच रस्त्यानं जाऊ. यंत्र चुकलं तर मारुतीला माफ. न्हाय चुकलं तर साडी त्याच्या उंबऱ्यावर टाकायची आणि ते घर मला संपलं.

लेक सुनीता अनगोळच्या शाळेत विज्ञान शिकवते. गाडी बेताची चालवते. तिच्या ओढणीचा कोपरा मांडीशी आला होता, तो सवयीनं मी उलटा करून चोळला.

"आप्पा, राहू द्या की."

"सुरतेचा माल. दोनदा धुतलीस की बघ."

"मला आवडलीय."

हायवेला लागलो. फोनमधनं एक बाई बोलायला लागली. सरळ जा म्हणे. इतकी वर्षं या रस्त्यावर असलं बोलायचं काम शांताचं होतं. एसटीत खिडकीला बसायची आणि मला आख्खा रस्ता वाचून दाखवायची. आता संकेश्वरची जत्रा कधी, या मळ्यात कुणाची लेक दिलीय, पुढच्या फाट्याला उतरायचं हाय, पिशव्या उचला. मी नुसता तिच्या मागं चालायचो. त्यामुळं रस्ता मला कधी पाठ झालाच नाही. ही यंत्रातली बाई तिच्या जागेवर बसून बोलत होती ते मला सोसवेना.

"हिला कसं गं कळतंय आपण कुठं हाय ते?"

"हिला न्हाय, फोनला कळतं. वर उपग्रह फिरत्यात. प्रत्येक उपग्रह सारखी वेळ सांगत असतो. ती वेळ खाली पोचायला किती उशीर लागला ते फोन मोजतो. उशिरावरनं तो उपग्रह किती लांब हाय ते समजतं. असे चार मिळाले की आपली जागा नक्की."

"चारच?"

"कमीत कमी चार."

"मेल्यावरबी चारच लागत्यात."

सुनीतानं ब्रेक दाबला. पुढं उसाची ट्रॉली होती, तिच्यामागं आम्ही बराच वेळ हळूहळू गेलो. उशिरावरनं लांबी कळते हे मला पटलं. दुपार कलल्यावर आलेला मारुती आमच्यापासून किती लांब होता, ते मोजायला मला आकाशातला कुणी नको होता.

संकेश्वरला चहाला थांबलो. हवेला कारखान्याच्या मळीचा वास. हॉटेलवाला आतनंच ओरडला, "बर्री, कुंदर्री (या, बसा)!" मंडक्की (चुरमुरे) आणि मिरची भजी पुढं ठेवली. भजी चांगली होती. शांता असती तर दोन जादा बांधून घेतली असती. मी मुद्द्याचं विचारलं.

"गेल्या साली या दिवसांत रस्ता बंद व्हता काय हो इथं?"

"रस्त्याचं काम चालू व्हतं खरं. बंद कशाला असतंय? माझा धंदा बसला नसता काय, अण्णा?"

"वळवला तरी असंल? माणूस चुकंल असा?"

तो हसला. "डोळं मिटून गेला तर चुकंल की."

सुनीता माझ्याकडं बघत होती. मी चहा बशीत ओतला.

भिंतीवर टीव्ही चालू होता. त्यात पुन्हा कुठलं तरी यान वर सोडायची तयारी दाखवत होते. मला ते नको होतं, पण नजर गेलीच. चंद्रावर आपलं यान उतरलं तेव्हा शांता होती. त्यातनं चाकं लावलेली एक लहानशी गाडी बाहेर आली, तर हिनं टीव्हीला हात जोडले. पुढं तिकडं रात्र पडली. तिथली रात्र आपल्या पंधरवड्याएवढी असते, असं सुनीतानं सांगितलं. थंडीत गाडी झोपवून ठेवली आणि उजाडल्यावर बेंगळूरच्या माणसांनी तिला हाका मारल्या. ती उठली नाही. शांता रोज लेकीला फोन करून विचारायची, "उठली काय गं ती?"

"किती दिवस हाका मारल्या गं तिला?" मी सुनीताला विचारलं.

"बरेच दिवस, आप्पा."

"लोखंडाला एवढं थांबले. तुझ्या आईला गल्ली दुपारपतोर थांबली न्हाय."

"मामा न्हवता आला म्हणून गल्लीनं काय करायचं?"

"तेच तर विचारायला चाललोय."

तवंदी घाट उतरलो. खाली निपाणी दिसली. तंबाखूचा वास काच बंद केली तरी आत येतो, नाकात झणझणतो. यंत्रातली बाई सरळ जा म्हणत होती. मी म्हटलं, "तिचं ऐकू नको. वखारीपासनं उजवीकडं घे. तुझी आई तिकडनंच न्यायची."

सुनीतानं घेतलं. वखार (तंबाखूचं गोदाम) होती तिथं आता नव्या घरांचं कंपाउंड निघालं. पुढं रस्ता उसाच्या फडात जाऊन संपला. गाडी वळवायलाही जागा नव्हती, चाक पाटात गेलं. ऊसतोडीची चार माणसं आली आणि ढकलून बाहेर काढलं. त्यातली एक बाई म्हणाली, "म्हाताऱ्याला पुढं कशाला बसवलंस बाई?" सगळे हसले. यंत्र मात्र रागावलं नाही. मागं वळा म्हणालं आणि बरोबर मारुतीच्या दारात नेऊन सोडलं.

म्हणजे यंत्र खरं होतं. चुकलो मीच.

मारुती अंगणात बसला होता. वखारीत काम करून त्याची बोटं पिवळी पडलेली. आम्हाला बघून उठला, पाया पडायला वाकला. मी मागं सरकलो आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

"तेच यंत्र लावून आलो मारुती. ते चुकत न्हाय."

त्यानं पिशवीकडं बघितलं. "व्हय दाजी. चुकलं न्हवतं."

"मग बहीण दारात पडली असताना कुठं मेला व्हतास?"

त्याची बायको पाणी घेऊन आली होती, ती तांब्या हातात धरून तशीच थांबली. मारुती खाली बघूनच बोलला.

"निपाणीत एकाला झोपेतनं उठवून दुकान उघडायला लावलं. हिरवी साडी मिळाली. उलटी करून बघितली तर धागं लोंबत व्हतं. दुसऱ्या दुकानात तसंच. संकेश्वरात बाजारपेठ उघडंपतोर थांबलो, दारोदार फिरलो. सगळा मशीनचा माल. हातमागाची एक मिळाली तवा दुपार झालती. फोन वाजत व्हता, काय सांगू म्हणून उचलला न्हाय."

"कसली का असंना, आणायची व्हतीस!"

"कसली का असंना?" आता त्यानं मान वर केली. "दाजी, दर भाऊबीजेला तुम्ही माझी साडी गल्लीसमोर उलटी करायचा. काठ चोळायचा. पोत्याचं कापड आणलंस काय रं, म्हणायचा. सगळी हसायची. आक्काबी हसायची. म्हटलं, आज तरी नको. आज ती हसायला न्हाय, आणि तुम्ही तिच्या अंगावरची साडी उलटी करणार."

"मी तसलं केलं असतं व्हय?"

मी सुनीताकडं बघितलं. तिनं ओढणीचा कोपरा आवरून घेतला.

"मग खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर तिथंच उघडून बघितली असती."

त्याच्या बायकोनं भाकरी वाढली. दोन घास खाल्ले आणि हात धुतला. निघताना मी पिशवी उंबऱ्यावरच ठेवली. मारुतीनं ती आणून गाडीत माझ्या मांडीवर ठेवली.

"माहेरची साडी परत घेत न्हाईत, दाजी."

परतीच्या वाटेवर सुनीतानं यंत्र बंद केलं. घाट चढलो, संकेश्वर गेलं, थांबलो नाही. वर दिवसाउजेडीच फिका चंद्र होता. त्याच्यावर ती गाडी अजून तशीच उभी असणार.

वर्षभर मी उशीर मोजत बसलो होतो. त्या उशिरात माणूस दारोदार शटर वाजवत फिरत होता, हे चार उपग्रहांनाही कळलं नसतं. आणि कळून आता उपयोग काय? शांता माझ्याच मागावरची साडी नेसून गेली. तिच्या माहेरची तिला मिळाली नाही.

घरी पोचलो तेव्हा दारातनं थोडं ऊन आत येत होतं. ट्रंकेत ठेवण्याआधी साडी मागावर पसरली आणि उलटी केली. पदर बघितला. काठ बोटांनी चोळत या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेलो. एक धागा लोंबता न्हाय, एक गाठ न्हाय. ऊन जाईपर्यंत पुन्हा पुन्हा बघितली.

एक तरी खोट सापडायला हवी होती.