घरभर हवा

मंगळवारी सकाळी भाऊ गेले. दुपारी आम्ही त्यांना नदीवर नेलं.

माजरीत आमची घरं एकमेकांना लागून. भाऊ खाणीतून निवृत्त झालेले. कुठेही बसण्याआधी ते खुर्चीवरून बोट फिरवायचे आणि काळं झालेलं बोट समोरच्याला दाखवायचे. "पाहा, सकाळीच पुसली होती." कोळशाच्या गावात राहिला असाल, तर हे बोट तुमच्याही ओळखीचं असेल.

नात नागपूरला. तिला धुळीची अ‍ॅलर्जी. मागे एकदा सुट्टीत आली आणि रात्रभर तिला दम लागला. सुनेनं हात जोडून सांगितलं, बाबा, आता तुम्हीच येत जा. भाऊंनी मान डोलावली आणि ती गेल्यावर माझ्या दारात येऊन उभे राहिले. "वाचनालयवाले, चंद्रपूरले चाला. हवेच्या मशीनचं पुस्तक वाचाले कोणी पायजे."

हवा गाळणाऱ्या मशीनच्या दुकानात त्यांनी खिशातून पुडी काढून सोडली. आमच्या खिडकीतली धूळ. "हे धरते का तुमची मशीन?" दुकानदार पुडीकडे बघत राहिला, मी पुस्तिकेत डोकं घातलं. त्यानं एका खोलीपुरती मशीन दाखवली. भाऊंना ती मान्य नव्हती. "पोरगी एका खोलीत बसून राह्यते का? ते घरभर पळते. हवाबी घरभर पायजे."

पुढच्या प्रत्येक दुकानात पुडी सुटली. जाळी किती बारीक, हे मी वाचत असायचो. भाऊ विचारायचे, ती बदलायला माणूस माजरीला येईल का. जो हो म्हणाला त्याची मशीन ठरली. ती माळ्यावर बसली आणि पाइपांतून खोल्याखोल्यांत हवा सोडू लागली.

थोड्याच दिवसांत भाऊ काळीकुट्ट जाळी घेऊन गल्लीत दाखवत फिरले. "किती धरलं, पाहा." कौतुकानं मी आत गेलो. खिडकीत कूलर सुरू होता आणि त्याची हवा खेळावी म्हणून दारं सताड उघडी. सगळी माजरी कूलर आत ओढत होता आणि मशीन ती गाळत होती.

मी सांगितलं तेव्हा भाऊंनी कूलरवरून बोट फिरवून पाहिलं. आमच्या उन्हाळ्यात कूलर काढायचा म्हणजे काय, हे इथल्यालाच कळेल. शिवाय अर्धी गल्ली दुपारी त्याच कूलरसमोर येऊन बसायची.

"तिले बलवाचं आहे ना," ते म्हणाले.

कूलर उतरला, खिडकी बंद झाली. मुलानं एसी बसवून दिला, पण एसीनं भाऊंचे गुडघे आखडायचे. त्यांनी आपली खाट अंगणात टाकली. गल्लीतले चिडवायचे, काऊन भाऊ, वहिनीनं हाकललं का? "आत नवी हवा आहे," भाऊ म्हणायचे, "जुन्या माणसाले मानवत नाई."

नात आली. मग प्रत्येक सुट्टीत येऊ लागली.

आता भेटायला माणसं येतात. खरं तर आत जाऊन वहिनींजवळ बसायचं असतं, पण कोणी आत जात नाही. वहिनीच बाहेर येतात. काल मुलगा चहा घेऊन बाहेर आला आणि दार उघडंच राहिलं. कूलरसमोर सगळ्यात आधी जागा धरणारी म्हातारी सतरंजीवरून उठली.

"दार लाव ना बाबू," ती म्हणाली. "पोरगी आहे आत."

तिनं स्वतःच दार ओढून घेतलं.

नात अजून इथंच आहे. तिला दम लागलेला नाही.